चिप्स कशात मुरवायच्या: सल्फाईटमध्ये की अल्कली-पेरॉक्साईडमध्ये?

कागदाचा लगदा करताना लाकडाच्या चिप्स (लहान तुकडे) रिफायनरमध्ये, म्हणजे फिरत्या प्लेटमध्ये दळून तंतू सुटे करणाऱ्या यंत्रात, जातात. त्याआधी त्यांना कोणतं रसायन द्यायचं, याचं निम्मं उत्तर लाकूडच देतं. स्प्रूस, पाइनसारखं सूचिपर्णी लाकूड असेल तर सोडियम सल्फाईट. पॉप्लर किंवा निलगिरी असेल तर कॉस्टिक सोडा (अल्कली) आणि हायड्रोजन पेरॉक्साईड, कारण रुंदपर्णी लाकडात सल्फोनेशन (सल्फाईटची लिग्निनशी होणारी प्रक्रिया) कमी होतं आणि सल्फाईटचा खर्च अंगावर येतो.

सल्फाईटचा डोस कोरड्या लाकडाच्या साधारण 2 ते 4 टक्के. पीएच 9 च्या आसपास आणि 120–135 अंशांवर काही मिनिटं वाफ. लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा लाकडातला घटक) लवकर मऊ पडतं, तंतू लांब सुटतात, शाइव्ह (न सुटलेले तंतूंचे जुडगे) घटतात आणि उतारा, म्हणजे लाकडातून मिळणारा लगदा, 90 टक्क्यांच्या वर राहतो. वीज वाचवायला तापमान 170 वर नेलं, तर मात्र तंतू लिग्निनच्या थरातूनच अलग होतात आणि गुळगुळीत लेप घेऊन बाहेर येतात. असा लगदा फ्लफसाठी (डायपरमधल्या शोषक थरासाठी) उत्तम. छपाईच्या कागदात तो बंधच धरत नाही.

अल्कली-पेरॉक्साईडला 60–80 अंश पुरतात, दाबाचं भांडं लागत नाही. कॉस्टिक तंतू फुगवतं, पेरॉक्साईड त्याच वेळी ब्लीचिंग उरकतं. ब्लीचिंगचा वेगळा टॉवर वाचतो, हा मोठाच फायदा. उतारा मात्र 85–90 टक्के, म्हणजे सांडपाण्यात सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) जास्त. खरी डोकेदुखी धातूंची. साल नीट निघाली नसेल तर मँगनीज, लोह, तांबं पेरॉक्साईड फोडून टाकतात आणि उरलेल्या कॉस्टिकने लगदा पिवळा पडतो. म्हणून आधी धातू बांधून ठेवणारं डीटीपीए 0.2–0.5 टक्के, मग पेरॉक्साईड टिकवायला सिलिकेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. सिलिकेट जपून वापरा, रिफायनरच्या प्लेटवर खवले धरतात.

सांडपाण्याला अ‍ॅनारोबिक (हवेशिवाय जिवाणूंकडून होणारी) प्रक्रिया असेल तर दोन्हीकडे काळजी घ्या: सल्फाईटचं जिवाणूंना घातक सल्फाईड होतं, आणि शिल्लक पेरॉक्साईड जिवाणू मारतं.

पद्धत कुठलीही घ्या, चिप्समधली हवा आधी निघाली पाहिजे. 10–20 मिनिटं वाफवा, स्क्रूमध्ये दाबा आणि दाब सुटताना थेट द्रावणात सोडा. चिप फुलताना द्रावण ओढून घेते. जाडी 8 मिलिमीटरच्या वर गेली की गाभा कोरडा राहतो. कॉस्टिकची तपासणी सोपी आहे: मुरलेली चिप लगेच उभी चिरा, फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या सूचकाचा) थेंब टाका. गुलाबी रंग कडेपुरताच दिसला, तर डोस वाढवण्याआधी वाफ आणि जाडी बघा.