आठ हजारांची काळी टेप

कन्नडचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं. शेजारी बायको, मागे लग्नघरच्या पिशव्या. दोन्ही पायांचा जोर लावला तेव्हा कुठे गाडी आवरली. मग दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाळीसगाव गाठलं आणि तिथून जळगावपर्यंत काटा चाळिसाच्या पुढे जाऊ दिला नाही. गाडी 2009 ची वॅगनआर. म्हातारी झालीय, पण माझ्यासारखीच कुरकुरत चालते.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पेडल दोनदा दाबलं. "सर, बूस्टर गेला. मास्टर सिलिंडरपण गेला." म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा भाग आणि पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, दोन्ही. मग म्हणाला, "ब्रेकशी खेळू नका."

त्या शेवटच्या वाक्याला मी फसलो. एरवी पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस मी, पण घाट डोळ्यांसमोरून हलत नव्हता. संध्याकाळी 8,050 रुपये दिले. हिशोब पाकिटाच्या पाठीवर: बूस्टर 4,100, मास्टर 2,400, ऑइल 350, मजुरी 1,200. पक्कं बिल नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेले. पेडल मऊ लागत होतं, म्हणून वर त्याचे आभारही मानले!

मे उजाडला, पारा 44 च्या वर गेला आणि पेडल पुन्हा कडक.

गल्लीतले अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी गाडी दारातच उभी ठेवायला लावली. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच दाबून धरून चावी फिरवायची. बूस्टर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. ती ओढ मिळाली की पायाखालचं पेडल थोडं खाली जातं. माझं जागचं हललं नाही. अशा वेळी ब्रेक लागतात, पण सगळा जोर आपल्या पायाचा. घाटात झालं ते हेच.

म्हणजे एकतर बूस्टर खराब, नाहीतर त्याला ओढ पोचवणारा पाइप. अण्णांनी इंजिन चालू ठेवून कान लावला. फुस्स्‌ आवाज येत होता. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं ही माझी जुनी तक्रार, तीही या गळतीमुळेच. पाइपवर क्लिपच्या आड काळी टेप गुंडाळलेली होती, उन्हाने आणि इंजिनच्या धगीने तिचा डिंक सुटलेला. खाली तडा.

साडेतीनशेचा पाइप आणला, बसवला, पुन्हा चावी फिरवली. पेडल अलगद खाली गेलं. बूस्टर ठणठणीत होता, आणि जुनाच होता: नटांवरच्या गंजाला पाना लागल्याची खूण नव्हती.

"आणि मास्तर, तुमचा मास्टरही बदललेला नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून दाखवलं. आत काळपट चहा. मास्टर सिलिंडर काढला की ऑइलचे पाइप सुटतात, नवं ऑइल भरून हवा काढावी लागते. ते ऑइल तीन आठवड्यांत असं काळं होत नाही. शिवाय इंजिन चालू असताना पाय एकसारखा दाबून धरला, तर पेडल एक सूतही खाली सरकेना. बाहेर कुठे गळती नसताना ते हळूहळू खाली बसत गेलं असतं, तर मास्टरच्या आतल्या रबरांवर संशय घ्यायचा होता.

पाच मिनिटांच्या या तपासण्या मी पैसे देण्याआधी करू शकलो असतो. आता गाडी गॅरेजला देण्याआधी फोटो काढतो, पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावतो आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देत नाही. बायकोला नेलपॉलिशचा हिशोब द्यावा लागतो, तेवढं चालतं.

हिशोब लिहिलेलं ते पाकीट घेऊन गॅरेजवर गेलो. आधी "पोराने केलं असेल," मग "तुम्हीच नीट ऐकलं नाही." अण्णा सोबत आहेत हे दिसल्यावर मजुरीचे बाराशे परत मिळाले. बाकीचे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला, आणि वर, "सर, गल्लीत सांगू नका."

पुढचा महिना येऊन गेला. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.