आर्किटेक्चर फर्मचं सीएसआर: देणगी, विनामूल्य डिझाइन की रोजचं काम?

दहा-पंधरा जणांची फर्म आहे, कामं बरी चालली आहेत आणि आता समाजासाठी काही करायचं, म्हणजे सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) निभावायचं मनात आहे. अशा वेळी बहुतेकांसमोर तीन वाटा असतात.

देणगी सगळ्यात सोपी. चेक लिहिला की विषय संपला. तिला मी नावं ठेवणार नाही, पण आपल्याकडचं खरं भांडवल डिझाइनचं आणि देणगीत नेमकं तेच वापरलं जात नाही. शिवाय नफा घटला की पहिली कात्री तिलाच लागते.

विनामूल्य डिझाइनकडे मन जास्त ओढतं. अमेरिकेतल्या पब्लिक आर्किटेक्चर या संस्थेने 2005 मध्ये फर्मनी कामाचे एक टक्का तास समाजोपयोगी कामाला द्यावेत, असा उपक्रम सुरू केला. वर्षाचे 2,080 तास धरले तर माणशी जेमतेम 20 तास होतात. दहा जणांचे 200, म्हणजे एका माणसाचे पाच आठवडे. एवढ्यात छोट्या शाळेचा आराखडा नीट होतो. वर्किंग ड्रॉइंग्ज (प्रत्यक्ष बांधकामासाठीची तपशीलवार ड्रॉइंग्ज) आणि साइटवरची देखरेख मात्र त्यात बसत नाही आणि घोळ तिथेच होतो.

मी काम केलेल्या एका विनामूल्य प्रकल्पात रॅम्पचा उतार आम्ही 1:12 (बारा फूट लांबीला एक फूट चढ) काढला होता. देखरेखीला कोणी जात नव्हतं. जागा वाचवायला कॉन्ट्रॅक्टरने तो 1:6, म्हणजे दुप्पट उभा केला. व्हीलचेअरवरच्या माणसाला तो एकट्याने चढणं अशक्य होतं. दर वेळी मागून कुणीतरी ढकलावं लागे. ड्रॉइंग बरोबर होतं, पण ज्याच्यासाठी काढलं त्याच्या उपयोगाचं राहिलं नाही. हे मला आजही टोचतं. म्हणून ही वाट धरणार असाल तर फीच्या कामासारखाच लेखी करार करा, तास ठरवा, एका सीनियर माणसाचं नाव त्यावर घाला आणि साइट व्हिजिट धरूनच हिशोब मांडा. फी घेतली नाही म्हणून चुकीची जबाबदारी टळत नाही.

अशा कामासाठी काही जण वेगळी ना-नफा संस्थाच काढतात. मास डिझाइन ग्रुप या अशाच संस्थेचं रवांडातलं बुतारो इथलं रुग्णालय (2011) पाहावं: खाटा वॉर्डच्या मधल्या भिंतीला लावून रुग्णांची तोंडं खिडक्यांकडे केली आणि क्षयासारखा आजार हवेतून पसरू नये म्हणून हवा खेळती ठेवली. पण अशी संस्था चालवायला कायम निधी जमवत राहावं लागतं. 1999 मध्ये निघालेली आर्किटेक्चर फॉर ह्युमॅनिटी ही ना-नफा संस्था एवढं नाव कमावूनही 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली. लहान फर्मने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट म्हणजे रोजचं काम. ही दिसत नाही, हिचे फोटो निघत नाहीत, पण परिणाम सगळ्यात मोठा हिचाच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. कॉलममधलं अंतर विनाकारण वाढवलं की स्लॅब जाड होतो. स्पेसिफिकेशनमध्ये (कुठलं साहित्य वापरायचं याच्या लेखी तपशिलात) फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅगचं (पोलाद कारखान्यातल्या मळीचं) सिमेंट लिहिलं की उत्सर्जन घटतं. हे निर्णय तुमच्या टेबलावर दर आठवड्याला होतात. इंटर्नला पगार देणं, सबमिशनच्या आदल्या रात्री माणसांना राबवून न घेणं हेही यातच आलं. फुकट इंटर्नच्या जिवावर केलेल्या विनामूल्य डिझाइनला मी तरी सामाजिक काम म्हणणार नाही.

ही वाट अवघड आहे, कारण ती थेट उत्पन्नाला भिडते. हवामान संकटावर 2019 मध्ये सुरू झालेल्या आर्किटेक्ट्स डिक्लेअर या जाहीरनाम्यातून फॉस्टर अँड पार्टनर्स आणि झाहा हदीद आर्किटेक्ट्स या बड्या ब्रिटिश फर्म 2020 च्या डिसेंबरात बाहेर पडल्या. हवामानाची काळजी करणाऱ्यांनी विमानतळांची कामं घ्यावीत का, यावरून वाद पेटला होता. कुठलं काम नाकारायचं, हा प्रश्न तुमच्याही दारात येईल.

यंदा एकच निवडायचं असेल तर तिसरी वाट धरा. हातात चालू असलेल्या एका प्रकल्पाचं स्पेसिफिकेशन उघडा आणि तिथून सुरुवात करा. माणसं पुरेशी असतील तर पुढच्या वर्षी एकच विनामूल्य काम घ्या, पण साइटवर ताबा देईपर्यंत सोबत राहण्याच्या तयारीनेच.