डाव्या मधल्या बोटासाठी स्विच: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं डीटीपीचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खाली यंत्रमाग, वर आम्ही. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, मंडळांचे अहवाल, सगळं युनिकोडमध्ये आणि सगळं इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीवर. त्यामुळे हा अनुभव गेम खेळणाऱ्याचा नाही, दिवसभर मराठी बडवणाऱ्याचा आहे. कीबोर्ड मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेला, आणि हॉटस्वॅप घेतला, म्हणजे सोल्डरिंगच्या भानगडीत न पडता स्विच उपटून दुसरा बसवता येतो. दिवाळीपासून क्लिकी, टॅक्टाइल, लिनिअर असे तिन्ही प्रकार त्यावर फिरले.

क्लिकीचं लवकर आटोपलं. आवाज मला आवडायचा, पण शेजारच्या टेबलावरच्या मित्राने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काय बे, खाली माग कमी पडले म्हणून वर आणखी एक लावला का?" गिऱ्हाईक फोनवर मजकूर सांगत असेल तर त्यालाही तो टकटकाट ऐकू जायचा. ते स्विच घरच्या कीबोर्डवर गेले.

टॅक्टाइलवर मात्र मी बरेच दिवस होतो. दाबताना मध्येच बोटाला उंचवटा लागतो आणि अक्षर लागलं हे कळतं. इंग्रजी टाइप करताना मजा येते. मराठीत संध्याकाळपर्यंत डाव्या हाताचं मधलं बोट भरून यायचं, आणि त्याचं कारण इनस्क्रिप्टच्या मांडणीत आहे. व्यंजनं बहुतेक उजवीकडे, मात्रा बहुतेक डावीकडे. काना E वर, हलन्त D वर, आणि म खाली C वर, शिफ्टसह तिथेच ण. तिन्ही एकाच बोटाच्या वाट्याला. 'म्हणाला' टाइप करून बघा: म, हलन्त, ह, ण, काना, ल, काना. शिफ्ट सोडली तर सात दाबांपैकी पाच त्या एकट्या बोटाचे. स्विचचे बहुतेक रिव्ह्यू इंग्रजी टायपिंगवर बेतलेले असतात, तिथे हा हिशेब येतच नाही.

म्हणून आता सगळीकडे गेटरॉन कंपनीचे यलो आणि E, D, C या तीन जागी चेरी कंपनीचे रेड. दोन्ही लिनिअर, म्हणजे मध्ये उंचवटा नसलेले. यलो साधारण ५० ग्रॅमच्या दाबाला लागतो, रेड ४५ च्या. पाच ग्रॅमने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. एकदा दाबून फरक कळत नाही, शंभर पानांचा अहवाल उतरवला की कळतो. मग सगळेच रेड का नाहीत? कारण माझी करंगळी कळांवर टेकून राहते. हलक्या स्विचवर ती नुसती विसावली तरी मजकुरात फुकटचा ट येतो.

डब्यावरचे ग्रॅम तपासायचे असतील तर दहा रुपयांची नाणी घ्या. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं. कळीवर एकावर एक हळूच ठेवत जायचं. माझ्या यलोवर सहा नाण्यांना काही झालं नाही, सातव्याला अक्षर उमटलं. रेडला सहा पुरली. ढोबळ आहे, पण एकाच पाकिटातला एखादा स्विच जड निघाला तर यात सापडतो.

आता सुताची लव. ती आमच्याकडे चहाच्या कपातही असते. एका स्वस्तातल्या संचात काही महिन्यांतच काना दोनदा उमटायला लागला. दुसऱ्या कान्याला अक्षर नसल्यामुळे पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ यायचं, आणि पत्रिकेत नवरदेवाच्या नावापुढे ते दिसलं की काय होतं ते सांगायला नको. स्विच उघडला, तर पत्र्याच्या दोन पात्यांच्या मध्ये तंतू अडकलेला. इथे कैल कंपनीच्या बॉक्स स्विचची रचना पटते. त्यात कळीबरोबर खालीवर होणाऱ्या दांड्याभोवती चौकोनी भिंत असते, धूळ सहज आत जात नाही. चेरी १० कोटी दाबांचं आयुष्य सांगते, पण लव अडकली की दाब मोजत बसण्यात अर्थ नाही.

ल्यूब, म्हणजे स्विचच्या आतलं वंगणही याच कारणाने हात आखडून लावा. क्रायटॉक्स २०५जी० नावाचं ग्रीस, अगदी पातळ थर, दांड्याच्या कडांना आणि स्प्रिंगच्या टोकांना. लिनिअरची खरखर जाते. जास्त झालं तर कळ जड चालते आणि आत गेलेली लव तिथेच चिकटते. टॅक्टाइलच्या दांड्याच्या, उंचवटा देणाऱ्या पायांना लावलं की उंचवटा बोथट होतो, तिथे नकोच.

बसवताना दोन गोष्टी बघा. स्विचच्या धातूच्या पिना सरळ हव्यात, वाकडी पिन रेटली तर सॉकेट उखडतं. आणि बोर्ड तीन पिनांचा असेल तर पाच पिनांच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन खुंट नेलकटरने उडवता येतात.

देवनागरी अक्षरांच्या कीकॅप, म्हणजे कळांच्या टोप्या, शोधायच्या नादी लागलो नाही, मांडणी बोटात बसलेली आहे. स्पेसबारचा खडखडाट अजून आहे. तो स्विचचा नाही, लांब कळ तिरकी होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरचा आहे. लग्नसराई संपली की तो उघडतो.