एका लॅपटॉपमधील दोन विंडोज: फोंड्यातील दुरुस्तीचा अनुभव

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मी माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवून घेतली. ज्या दुकानात हे काम दिले, तेथे जुन्या विंडोजवर नवी चढवण्याऐवजी डिस्कचा दुसरा भाग मोकळा करून त्यात ती स्वतंत्रपणे बसवण्यात आली. परिणामी लॅपटॉप सुरू केला की निळ्या पडद्यावर दोन नावे येत, आणि एखादे निवडले नाही तर तीस सेकंद ताटकळल्यानंतर नवी विंडोज आपोआप सुरू होई. २५६ जीबीच्या डिस्कचा जवळजवळ निम्मा भाग न वापरल्या जाणाऱ्या जुन्या विंडोजने अडवून ठेवला होता. सरळ अपग्रेड केले असते, तर जुन्या विंडोजच्या फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन दहा दिवसांनी आपोआप पुसल्या गेल्या असत्या.

ही जुनी विंडोज काढण्यासाठी मी फोंड्याच्या वरच्या बाजारातील एका छोट्या दुकानात गेलो. तेथील तरुण तंत्रज्ञाने कामाला हात घालण्यापूर्वीच स्पष्ट केले, की ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधील बूट टॅबवरून जुनी नोंद पुसली तर केवळ तो मेनू जातो, जागा सुटत नाही. जागा हवी असेल तर जुने पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा तो वेगळा केलेला भागच, काढावा लागतो, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. नव्या विंडोजमधून पाहिले तर नवे पार्टिशन सी म्हणून आणि जुने डी म्हणून दिसत होते, तर जुनीतून पाहिले की अक्षरांची अदलाबदल होत होती. त्यामुळे त्याने अक्षरावर विसंबून न राहता प्रत्येक पार्टिशनचा आकार आणि त्यातील फोल्डर तपासूनच कोणते काढायचे ते ठरवले. डिस्कच्या सुरुवातीचे शंभर एमबीचे ईएफआय पार्टिशन त्याने मला मुद्दाम दाखवले. लॅपटॉप चालू होताना विंडोज सुरू करून देणारा बूट मॅनेजर त्यात असल्याने ते फालतू समजून पुसले असते, तर नवी विंडोजही सुरू झाली नसती.

मला सर्वांत भावली ती त्याने पुसण्याआधी विचारलेली एक गोष्ट: ‘‘सर, जुन्या विंडोजमध्ये मराठीचे वेगळे फॉन्ट आहेत का?’’ माझ्याकडे आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता श्री-लिपी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेल्या आहेत. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताचे, नसल्याने त्यांच्याशिवाय ती फाइल उघडली की संवादांच्या जागी निरर्थक चिन्हांची गिचमीड दिसते. त्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांच्याबरोबर ते फॉन्टही बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले, नव्या विंडोजमध्ये बसवले आणि एक संहिता उघडून मला दोन पाने वाचायला लावली. त्यानंतरच जुने पार्टिशन काढले.

सुटलेली जागा सी ड्राइव्हला जोडून मिळावी, ही माझी अपेक्षा मात्र पूर्ण झाली नाही. विंडोजचे स्वतःचे डिस्क मॅनेजमेंट उजवीकडे लागून असलेली रिकामी जागाच जोडू शकते, आणि माझी जागा डावीकडे होती. बाहेरचे सॉफ्टवेअर वापरून संपूर्ण पार्टिशन सरकवता येते, पण मध्येच वीज गेली किंवा काही अडले तर सगळेच हातचे जाण्याचा धोका असल्याने त्याने नकार दिला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे ठाऊक असल्यामुळे मीही आग्रह धरला नाही. त्या जागेचा त्याने वेगळा ड्राइव्ह करून दिला, आणि संहितांसाठी तो पुरेसा आहे.

कामाचे सहाशे रुपये घेतले, जे मला वाजवी वाटले. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असते, आणि हे फलकावर कोठेही लिहिलेले नसल्याने पहिल्या दिवशी मला हेलपाटा पडला. शिवाय पावती मागितल्यावरच मिळाली, आणि तीवर केवळ ‘सॉफ्टवेअर काम’ एवढेच लिहिले होते. कोणते पार्टिशन काढले, काय उतरवून ठेवले, हे मी घरी येऊन स्वतःच वहीत नोंदवले.