मोजणीची फी चार हजार, बिल पस्तीस हजारांचं: अकरा महिन्यांनंतर

जागा रत्नागिरी जिल्ह्यातली, साडेअकरा गुंठे, उताराची, दोन हिस्सा नंबरांत विभागलेली. हद्दकायम मोजणी (जागेची हद्द ठरवून देणारी सरकारी मोजणी) एप्रिल २०२५ मध्ये झाली, दिवाळीनंतर पाया खणला, आता स्लॅब पडलाय. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा सरकारी नकाशा, बँकेत, ग्रामपंचायतीत, आर्किटेक्टसमोर आणि गडग्यावर (दगडी कुंपणावर) उभं राहून भांडताना, अशी सगळीकडे वापरून झाली. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी फी. १ डिसेंबर २०२४ पासून दर बदलले. साधी, तातडीची, अतितातडीची हे जुने प्रकार गेले, नियमित आणि द्रुतगती एवढे दोनच राहिले. महापालिका-नगरपालिका हद्दीबाहेर दोन हेक्टरपर्यंत नियमितचे २००० रुपये, द्रुतगतीचे ८०००. शहरी हद्दीत एक हेक्टरपर्यंत ३००० आणि १२०००. मी नियमित घेतली. माझे हिस्से दोन, म्हणून ४०००. अर्ज ऑनलाइन, चलन ऑनलाइन, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार चतुःसीमेची आहे. लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते अर्जदारानेच द्यायचे, कारण नोटिसा त्यांना जातात. कोकणात सामाईक सातबारा म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पश्चिमेच्या एका हिश्शावर सतरा नावं. त्यातले चार वारलेले, वारस लागलेले नाहीत, उरलेले नालासोपारा ते सुरत पसरलेले. पत्ते गोळा करण्यात माझे दोन महिने गेले. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही.

पहिल्या तारखेला सर्व्हेअर आलेच नाहीत. मी डोंबिवलीहून रात्रभर गाडी हाकून सकाळी सात वाजता चार गड्यांसकट जाग्यावर हजर, आणि दहाला फोन: दुसरीकडे ड्युटी लागली. आदल्या दोन दिवसांत त्यांच्याकडून सगळी बेणणी (रान साफ) करून घेतली होती (गड्याला ६०० रुपये रोज, म्हणजे ४८०० रुपये). नशीब, पुढची तारीख पावसाआधीची मिळाली. नाहीतर रान पुन्हा कमरेएवढं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला आले. रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन. टोकाला बशी असलेली ती काठी बघून वाटलं, तासाभरात काम होईल. पण हे यंत्र मोबाइलच्या नेटवर्कवरून दुरुस्तीचा सिग्नल घेतं आणि त्याला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. आमच्या जागेत नेटवर्क वरच्या टेकाडावर, आणि खालच्या कोपऱ्यावर फणसाची सावली. त्या कोपऱ्यात काठी धरून माणूस वीस मिनिटं उभा, आकडा काही स्थिर होईना. शेवटी शेजारच्या मोकळ्या ठिकाणी दोन बिंदू घेऊन तिथून टेपने कोपरा काढला. सर्व्हेअर चिडले नाहीत, घाई केली नाही, हे आवर्जून लिहितो.

तोवर गडग्यापाशी पंचायत बसली होती. शेजारचे तात्या म्हणाले, “गडगा हीच हद्द. आमच्या आजाने घातलेला आहे.” मोजणीत तो गडगा आमच्या बाजूला सव्वा मीटर आत निघाला. मी खूश झालो, पण अर्धा तासच. पूर्वेला आम्ही जी आमची काजूची रांग समजत होतो ती पाणंदीत निघाली. सर्व्हेअरनी जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीचा मापांसकट कच्चा नकाशा, उलगडून दाखवलं. त्यात मापं साखळी-आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. एवढ्या जाड मापाची रेषा आज आपण सेंटिमीटरात मागतो आणि वर त्यावरून भांडतो, हे त्या उन्हात मला मजेशीर वाटलं. तात्यांना वाटलं नाही. त्यांनी निमताना मोजणी (हरकत घेऊन मागायची फेरमोजणी) मागवीन म्हणून सांगितलं, तो त्यांचा हक्कच आहे. अजून मागवलेली नाही.

माझी चूक इथे आहे. आर्किटेक्टकडून नकाशा मी मोजणीआधीच काढून घेतला होता, गडग्याच्या आतून टेप लावून. घराभोवती सोडायचं अंतर हद्दीपासून मोजतात, आणि माझी हद्दच दोन्हीकडून सरकली. घर पाच फूट पश्चिमेला घ्यावं लागलं, शौचालयाची टाकी वरच्या बाजूला गेली. फेरनकाशाचे ६०००. मोजणी आधी झाली असती तर हे वाचले असते.

शिवाय सरकारी मोजणी हद्द दाखवते, उतार दाखवत नाही. त्यासाठी खाजगी माणसाकडून टोटल स्टेशनने (तिपाईवरच्या मोजणीयंत्राने) कंटूर, म्हणजे जागेच्या चढउताराचा नकाशा, काढून घेतला, ९००० रुपये. मित्र म्हणाले होते, खाजगीवाल्याकडूनच हद्दही काढ, दोन दिवसांत देतो. देतो, पण त्या कागदाला तात्यांसमोर किंमत नाही. उताराच्या जागेला मात्र कंटूर हवाच. जोत्याची उंची ठरवताना त्या ९००० नी एका बाजूची भिंत बरीच बुटकी केली.

बाकी किरकोळ: नकला ३५०, हद्दीवर लावायचे सिमेंटचे नऊ खांब २२५०, ते आणून पुरायला १५००, मुंबईच्या दोन फेऱ्या ७०००. सगळं मिळून ३४,९००.

पैसे वसूल झाले का? माझे तरी झाले. बँकेने ‘क’ प्रत मागितली, दिली, प्रश्न संपला. पाया खणताना जेसीबीने नैऋत्येचा खांब उखडला. आधी मी मोबाइलवर जीपीएस लावून जागा शोधायला गेलो आणि तीन मीटर लांब, थेट तात्यांच्या अळवात उभा राहिलो. मग टोटल स्टेशनवाल्याला बोलावून बाकीच्या खांबांवरून तो पुन्हा बसवून घेतला. पुढच्या वेळी कोपऱ्याचे खांब दोन फूट खोल आणि भोवती काँक्रीट, त्यात काटकसर नाही.

तात्या अजून कमीच बोलतात. पण गेल्या महिन्यात गडग्याची ढासळलेली बाजू त्यांनी नव्याने रचली ती खांबाच्या रेषेत. पाणंदीत गेलेल्या काजूच्या बिया मात्र यंदा कोणी वेचायच्या, हे अजून ठरलेलं नाही. झाडं माझ्या वडिलांनी लावलेली.