ब्रायन मेचा टोन: बीएमजी स्पेशल गिटार आणि तिच्यापुढची जोडणी

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवादक ब्रायन मेसारखा आवाज हवा म्हणून बरेच जण आधी डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरखरीत करणारी पेटी) विकत घेतात. गणित तिथेच चुकतं, कारण त्याच्या मूळ जोडणीत ते पेडलच नाही. सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेले पिकअप (तारांचं कंपन टिपणारी वेटोळी), एक ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलणारी छोटी पेटी), व्हॉल्यूम पूर्ण उघडलेला व्हॉक्स एसी३० हा व्हॉल्व्ह अँप आणि गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब, एवढ्यावर तो आवाज उभा आहे. मेच्या स्वतःच्या कंपनीची बीएमजी स्पेशल ही या साखळीची पहिली कडी. ती उत्तम आहे, पण नुसती गिटार आणून काम भागत नाही.

बीएमजी जिच्यावरून बनते ती मेची मूळ गिटार, रेड स्पेशल, त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच घडवली. मान जुन्या शेकोटीच्या महोगनी लाकडाची, खुणांचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे आणि ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. बीएमजीमध्ये अर्थातच हे काही नाही. तिची बॉडी आतून पोकळ्या ठेवलेल्या महोगनीची आहे, ट्रेमोलो विल्किन्सनचा आणि खुंट्या लॉकिंगच्या, म्हणजे तार पक्की धरणाऱ्या. मूळ गिटारची प्रचंड जाड मानही इथे नाही, आणि बहुतेक हातांना ते सोयीचंच पडेल. महत्त्वाची मापं मात्र जपली आहेत: २४ फ्रेट, नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशी) झिरो फ्रेट हा जादा फ्रेट आणि २४ इंची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी.

हे स्केल हलक्यात घेऊ नका. फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारच्या साडेपंचवीस इंचांच्या मानाने त्याच तारांवर, त्याच सुरात, ताण सुमारे ११ टक्के कमी येतो. बेंड लोण्यासारखे जातात, पण डाव्या हाताने जोरात दाबायची सवय असेल तर प्रत्येक कॉर्ड किंचित चढा वाजतो आणि दोष उगाच ट्यूनिंगवर जातो. अशा वेळी ९ ते ४२ च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) सेटऐवजी १० चा सेट लावावा. मे स्वतः ९ च्याच तारा वापरतो.

गिटारचा खरा जीव पिकअपच्या वायरिंगमध्ये आहे. बर्न्सच्या ट्राय-सॉनिक घडणीचे तीन सिंगल कॉइल आणि प्रत्येकाला दोन सरकते स्विच: एक चालू-बंदचा, दुसरा फेजचा, म्हणजे त्या पिकअपचा सिग्नल उलटा करणारा. स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप एकत्र लावले की ते पॅरलल जोडले जातात आणि आवाज पातळ, काचेसारखा होतो. इथे ते सिरीजमध्ये जोडले जातात. दोघांचं आउटपुट आणि इंडक्टन्स यांची बेरीज होते, रेझोनन्स (आवाज सर्वात उठतो ती जागा) खाली सरकतो आणि मध्यम पट्टी भरून येते. हमबकरच्या (दोन कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपच्या) जवळ जाणारा, तरी सिंगल कॉइलची धार टिकवणारा हा आवाज पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्याशेजारी दुसऱ्या गायकासारखा उभा राहायचा, तो याच पट्टीमुळे.

सुरुवात ब्रिज आणि मधला पिकअप, दोन्ही एकाच फेजमध्ये, अशी करा. मेचा नेहमीचा आवाज हाच. मग नेक आणि मधला लावून एकाची फेज उलटा. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आवाज नाकातला, चिरका आणि बराच लहान होतो. साध्या अँपवर हे ऐकून स्विच बिघडला असं वाटू शकतं. पण पुढे बूस्टर आणि तापलेला अँप असेल तर हाच आवाज किंचाळणाऱ्या सोलोचा होतो. तिन्ही पिकअप बंद ठेवले तर गिटार मुकी होते, तोही बिघाड नव्हे.

आता बूस्टर. आयरिश ब्लूज गिटारवादक रोरी गॅलहरने आपला आवाज एसी३० आणि डॅलस रेंजमास्टर या ट्रेबल बूस्टरमधून येतो असं सांगितलं आणि तरुण मेने तीच वाट धरली. रेंजमास्टर म्हणजे ओसी४४ हा एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. इनपुटचा कपॅसिटर जेमतेम ५ नॅनोफॅरडचा, त्यामुळे साधारण अडीच किलोहर्ट्झच्या खालचा भाग उतरत जातो. अँपला खर्ज कमी आणि वरचा भाग जोरात मिळतो, म्हणून पूर्ण व्हॉल्यूमवरही आवाजाचा चिखल होत नाही. स्वतः बनवणाऱ्यांनी इथे १० नॅनोफॅरड लावून पाहावा, मध्यम पट्टी आणखी भरते.

बूस्टर गिटारच्या लगेच पुढे हवा. त्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) कमी असतो आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब त्याच्याशी थेट बोलतो. मध्ये बफर (सिग्नल मजबूत करून पुढे देणारं सर्किट) असलेला ट्यूनर किंवा वायरलेस आला की हे नातं तुटतं आणि आवाज कोरडा, कर्कश होतो. रेंजमास्टरसारख्या, पीएनपी जातीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बूस्टरमध्ये बहुधा बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. इतर पेडलच्या एकाच सप्लायच्या वायरवर तो जोडला तर शॉर्ट होतं. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! जर्मेनियममधली गळती तापमानाच्या दर ८ ते १० अंशांना जवळपास दुप्पट होते. डिसेंबरात पुण्यात सुरेख वाजणारा बूस्टर मे महिन्यात नागपूरच्या मांडवात फुसका, घुसमटलेला वाजेल. ६८ किलोओहमच्या बायस रेझिस्टरच्या जागी १०० किलोओहमचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून कलेक्टर, म्हणजे ट्रान्झिस्टरचं आउटपुट टोक, उणे ७ व्होल्टच्या आसपास आणता येतो, पण कार्यक्रमाआधी हे कोण करत बसणार? सरळ सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा बूस्टर घ्या.

अँपमध्ये एसी३० चा नॉर्मल चॅनल, व्हॉल्यूम पूर्ण. बूस्टर कायम चालू आणि सगळा खेळ गिटारच्या नॉबवर: ३ ते ४ वर स्वच्छ कॉर्ड, ७ च्या पुढे खरखर, १० वर सोलो. हाताला हे वळण लागायला वेळ लागतो, पण तेवढा वेळ द्यायलाच हवा. ट्रान्झिस्टर अँपच्या क्लीन चॅनलवर हाच बूस्टर लावला की मात्र नुसता चरचरीत, पातळ आवाज येतो, कारण दबून विरघळणारे व्हॉल्व्हच तिथे नसतात. मॉडेलिंग अँप (इतर अँपची डिजिटल नक्कल करणारा) असेल तर एसी३० चं नॉर्मल मॉडेल निवडा, गेन वर न्या आणि त्याच्या आधी ट्रेबल बूस्ट ठेवा, निकाल बराच जवळ जातो.

खरे ३० वॅट सोसायटीत चालणार नाहीत. ईएल८४ व्हॉल्व्हचा ४ वॅटचा छोटा अँप पूर्ण उघडणं हा जास्त शहाणपणाचा खर्च, नाहीतर अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये योग्य ओहमचा अटेन्युएटर (अँपची ताकद शोषून आवाज कमी करणारी पेटी). स्पीकर काढून व्हॉल्व्ह अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अँपही आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावू नका.

पिकच्या जागी मे जुनं ब्रिटिश सिक्सपेन्सचं नाणं वापरतो. आपल्याकडचं जुनं, कडेला दाते असलेलं तांबे-निकेलचं चार आण्याचं नाणं १९ मिलिमीटरचं, जवळपास त्याच आकाराचं आहे. चलनातून ते २०११ मध्ये गेलं, तरी घरात कुठल्या तरी डब्यात सापडेल. कड तारेला समांतर धरली तर सूर स्वच्छ निघतो, किंचित तिरकी केली की दाते तारेवर घासून सुराच्या सुरुवातीला बारीक खरखर येते. या खरखरीला बूस्टर आणखी वर काढतो, म्हणून नाणं सैल धरा. घट्ट धरलं तर पहिल्या तारेचा आवाज करवतीसारखा होतो आणि तारही लवकर तुटते.