वस्तू भारी, पण आमचं कोण ऐकणार?
परवा एका म्युझियमला जाऊन आले, वस्तू एक नंबर आहेत त्यात वादच नाही, पण पाट्या इतक्या बारीक अक्षरात आणि लांबलचक की दोन वाचेपर्यंत पाय दुखायला लागतात, बसायला बाक नाहीच. एक आजोबा जुन्या शिलाई मशीनपाशी थांबून ती कशी चालायची ते नातीला सांगत होते, तर आम्ही चार-पाच जण तिथेच गोळा झालो, खरी मजा आली ती तेवढीच! अशा माणसांना बोलवा ना राव. 2022 मध्ये आयकॉमने, म्हणजे म्युझियमांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्युझियमच्या व्याख्येतच लोकांचा सहभाग घातलाय आणि इथे अभिप्रायाची वही आहे तर पेन गायब. देणगीचे मेल मात्र वेळेवर येतात. तीन स्टार, त्यातला एक आजोबांचा.